मोठ्या सरांचं अपेंडिक्स

मोठ्या सरांचं पोट दुखायला लागलं ते सकाळच्या राउंडवर. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. उभा जन्म दुसऱ्यांची पोटं उघडण्यात घालवलेल्या माणसाला निदान कुणी सांगायला नको होतं. अपेंडिक्स. आजच काढायला हवं, नाहीतर फुटेल. प्रश्न एवढाच होता, की काढणार कोण?

कारण सर्जरी विभागात सुरी चालवायची ती सरांनीच. बाकीच्यांनी बघून शिकायचं, हे त्यांचं शिक्षणशास्त्र. शेवटच्या वर्षाची रेसिडेंट रोज रिट्रॅक्टरने जखमेची कड ओढून धरून उभी राहायची. सरांनी तिचं नावच ‘खुंटी’ ठेवलं होतं. सरांचा फोन मात्र ऐन ऑपरेशनमध्ये वाजायचा. मग ‘कुणी कशाला हात लावायचा नाही’ असं बजावून सर बाहेर जायचे. परत येईपर्यंत सगळं जागच्या जागी असायचं. कधीकधी जरा जास्तच जागच्या जागी. सरांना त्यात स्वतःचा दरारा दिसायचा.

“दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ या,” धावत आलेल्या बायकोने सुचवलं. “तिथला सर्जन तुमचाच विद्यार्थी आहे ना?”

“म्हणूनच नको!” सर कळवळले. “त्याला मी शिकवलंय!”

“अहो, मग इतकी वर्षं शिकवलंत तरी काय?”

सरांना जोरात कळ आली. ती अपेंडिक्सचीच असावी.

विभागातले दुसरे सर्जन परगावच्या परिषदेत वैद्यकीय शिक्षणावर भाषण देत होते. उरली खुंटी.

“भूल कमरेखालीच द्या,” सरांनी फर्मावलं. “मी जागा राहणार. सांगेन तसं करायचं.”

छातीपाशी पडदा लागला आणि सरांना स्वतःचं पोट दिसेनासं झालं. सूचना मात्र थांबल्या नाहीत.

“छेद लहान घे! स्नायू कापू नकोस, नुसते बाजूला...”

“केलेत, सर.”

“आधी मला विचारायचं!”

पडद्याच्या कडेने सरांचा पंजा बाहेर आला. सुरी मागायची त्यांची ती नेहमीची खूण. सिस्टरांनी सवयीने अवजार उचललं आणि भानावर येऊन परत ठेवलं.

“हात आत घ्या, सर,” खुंटी म्हणाली. “बघून शिकायचं असतं.”

सिस्टर हसल्या नाहीत. तोंडाला मास्क होता, म्हणून तसं म्हणता येतं.

“निघालं,” थोड्या वेळाने खुंटी म्हणाली. “फुटायच्या बेतात होतं.”

“एवढ्यात? कुठे शिकलीस तू हे?”

“इथेच. तुम्हाला फोन यायचे ना, तेव्हा.”

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण भुलीमुळे तळपाय सध्या सेवेत नव्हते. शिवाय पोट उघडं होतं. अशा वेळी माणसाने कुणाला झापू नये, एवढं वैद्यकीय ज्ञान त्यांना होतं.

“मग... आता टाके ना?” त्यांनी चाचरत विचारलं.

“हो, सर. तोवर हलू नका.”

इतक्यात कोपऱ्यात सरांचा फोन वाजला. सगळ्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं.

“वाजू दे,” सर म्हणाले.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच ऑपरेशन संपेपर्यंत ते थिएटरबाहेर पडले नाहीत.