हातमोज्यातलं बाळ

मंगळवारच्या टपालात लोइसचा फॉर्म आला आणि ऑगस्टाच्या पायाला भिंगरी लागली.

दोन वर्षं ती हॅस्कल घराण्याची वंशावळ जुळवत होती. एकशे चाळीस नातलगांना तिने छापील फॉर्म पाठवले होते. नाव, जन्म, लग्न, मुलं, आणि खाली सूचना, अक्षर सुवाच्य असावं. पोटच्या मुलीला, लोइसला मात्र पाठवला नव्हता. कुठल्या तरी आगाऊ चुलतभावाने आपल्याकडचा जादा फॉर्म तिच्याकडे स्प्रिंगफिल्डला धाडला असणार. लोइसने तो सुवाच्य अक्षरात भरला होता. नवरा, रेघ. लग्नाची तारीख, रेघ. मुलं, एक. जेबेझ, जन्म ३ ऑक्टोबर १९५२. सोबत चिठ्ठी नव्हती.

ऑगस्टाने फॉर्म साखरेच्या डब्याखाली सरकवला. मग डबा उचलून पुन्हा वाचला. मग पुसलेलाच ओटा परत पुसला. शुक्रवारी पानं छापखान्यात जायची होती, आणि एकसष्टाव्या पानावर 'लोइस, जन्म १९३३' एवढंच लिहून पूर्णविराम दिलेला होता. तो पूर्णविराम आपल्याला कधी टोचला नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती. साफ खोटं होतं ते.

तेवीस वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांच्या लोइसला दिवस गेले आणि ज्याच्यामुळे गेले तो गावातून पसार झाला. ऑगस्टाने तिची बॅग भरून ओसरीवर ठेवली. "तीनशे वर्षांत या घराण्यात असलं काही झालेलं नाही," एवढं बोलून तिने दार लावलं. लोइस दोन वर्षं पत्रं पाठवत राहिली. ऑगस्टाने ती न उघडताच परत पाठवली. मग पत्रं यायची थांबली.

आणि आता हे नाव. घराण्यातला पहिला जेबेझ सातव्या महिन्यात जन्मलेला. ऑगस्टाच्या वडिलांनी टाइप केलेल्या वहीत स्पष्ट होतं. आईबापाचं लग्न ११ फेब्रुवारी १७४१, बाळाचा जन्म ९ सप्टेंबर १७४१. बाळ एवढंसं की लोकरीच्या हातमोज्यात घालून चुलीजवळ ठेवलं, आणि तरी ते सत्याऐंशी वर्षं जगलं. लहानपणी लोइस ही गोष्ट रोज मागायची. तेच नाव हिने आपल्या पोराला दिलं, या विचाराने ऑगस्टाचा संताप झाला. घरात बसवेना. काहीतरी निमित्त हवं म्हणून, जेबेझची मूळ नोंद तपासायची ठरवून तिने गाडी काढली.

ॲशबरो गावाची दप्तरं सांभाळणारा ओरिन पीझली शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तेव्हापासून तिला डिवचायची त्याची सवय गेली नव्हती.

"परवाच येऊन गेलीस ना गं?"

"जेबेझच्या आईबापाच्या लग्नाची नोंद काढ."

"तुझ्या लाडक्या जेबेझची? ती अजून बघितली नाहीस तू?"

"बाबांनी बघितली होती."

"दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्याला सोलून काढलं असतंस," असं म्हणत ओरिनने तिजोरीतून वही आणून पुढ्यात ठेवली.

वहीत लग्नं जशी झाली तशी ओळीने लिहिलेली होती. नोव्हेंबर १७४१. त्याखाली डिसेंबर १७४१. त्याखाली ११ फेब्रुवारी १७४१, एबेनेझर हॅस्कल आणि मर्सी. त्याखाली थेट एप्रिल १७४२. ऑगस्टाने चष्मा पुसला आणि परत वरपासून वाचलं.

त्या काळी इथे नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. म्हणजे १७४१ सालातला फेब्रुवारी सप्टेंबरच्या आधी नव्हता, नंतर होता. बाळ सप्टेंबरमध्ये झालं आणि लग्न त्यानंतर पाच महिन्यांनी.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हाच धडा ती सगळ्यांना द्यायची. मेन राज्यातल्या एका बिचाऱ्या बाईला तिने लिहिलं होतं, 'ज्यांना मार्च कळत नाही त्यांनी वंशावळीला हात लावू नये.' फक्त स्वतःच्या घरापाशी येऊन तिचा मार्च हरवला होता.

"चर्चची वही दे," ती म्हणाली.

चर्चच्या वहीत लग्नानंतरच्याच मार्चमधल्या पहिल्या रविवारी नोंद होती. एबेनेझर हॅस्कल व पत्नी मर्सी यांनी मधल्या वाटेत उभे राहून लग्नाआधीच्या पापाची कबुली दिली. मंडळींनी हात वर करून त्यांना पुन्हा आपले मानले. त्याच दिवशी त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, नाव जेबेझ.

"एका रविवारात आटोपलं," ओरिन म्हणाला. "अशा नोंदी या वहीत पानोपानी आहेत. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"बाबांना ठाऊक होतं?"

"मार्चचं तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनीच."

ओरिनने हळूच वही मिटली. "मी कुणाला सांगायला जाणार नाही. तू आधीचंच छाप हवं तर."

गावाच्या हिरवळीला तिने तीन फेऱ्या मारल्या. गाडीत बसली, उतरली, परत बसली. तिला लाज वाटत होती. मर्सीची अजिबात वाटत नव्हती. सगळ्या गावासमोर उभी राहिली ती बाई, आणि गावाने तिला एका सकाळीत परत घेतलं. इथे एका आईला तेवीस वर्षं पुरली नव्हती. घरी जाऊन तिने एकसष्टावं पान काढलं, घडी करून पर्समध्ये टाकलं आणि स्प्रिंगफिल्डचा रस्ता धरला. पत्ता फॉर्मवर होता. त्या गल्लीचं वळण तिने दोनदा चुकवलं, आणि दोन्ही वेळा मुद्दाम.

लोइसने दार उघडलं. तिचे केस पिकायला लागले होते. "आई," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात परत गेली. टेबलावर अर्धी सोललेली सफरचंदं होती. ऑगस्टा मागोमाग गेली.

"फॉर्म मिळाला तुझा."

"काय चुकलंय त्यात? दुरुस्त करायलाच आली असशील."

"काही चुकलेलं नाही."

लोइसने पायाने खुर्ची पुढे सरकवली. "बस."

"नको. हे उभं राहून बोलायचं असतं." ऑगस्टाने पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. "तुला घराबाहेर काढलं ती चूक माझी. तुझी पत्रं परत पाठवली, तीही माझीच. आणि या घराण्यात असलं काही झालं नाही म्हणाले ना, ते खोटं होतं. हातमोजा-बितमोजा काही नव्हता. आईबापाच्या लग्नात ते बाळ चांगलं पाच महिन्यांचं होतं."

लोइसची सुरी थांबली. "काय म्हणालीस?"

"पाच महिन्यांचं. वऱ्हाड्यांच्या मांडीवर बसलं असेल."

लोइसला हसू फुटलं. ते तिला नको होतं, म्हणून तिने मनगटाने तोंड दाबलं. डोळे भरून आले ते मात्र दाबता आले नाहीत. "मग त्या दोघांचं काय केलं गावाने?"

"चर्चमध्ये उभं केलं. त्यांनी कबूल केलं. लोकांनी हात वर करून त्यांना परत घेतलं, त्याच दिवशी."

"म्हणजे आता मी हात वर करायचा, असं म्हणणं आहे तुझं?"

लोइस बराच वेळ एकच सफरचंद सोलत राहिली.

"छापणार आहेस त्याला?" तिने विचारलं.

"पान पर्समध्ये आहे. तुम्ही दोघं म्हणाल तर."

"मी एकटी कशी ठरवू? त्याचाही हात वर व्हावा लागेल. त्या नावावरून शाळेत पोरांनी त्याला रडवलंय, तेही तुला ऐकून घ्यावं लागेल. सहाला येतो तो कामावरून."

घड्याळात सव्वाचार झाले होते. "थांबते मी," ऑगस्टा म्हणाली.

"सहापर्यंत उभी? तुझे गुडघे मला माहीत आहेत. बस, आई." लोइसने दुसरी सुरी तिच्या पुढ्यात ठेवली.

ऑगस्टा बसली. सहा वाजेपर्यंत ती तीनदा उठून दारापर्यंत गेली, आणि तिन्ही वेळा परत येऊन बसली.