आरशावरचे तिघे

हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर मराठी टायपिंग माझं मीच शिकलोय, दोन बोटांनी, एक ओळ झाली की चहा प्यावासा वाटतो. दुसरं म्हणजे माझा देवावर विश्वास नाही, आणि हे वाचून आई लगेच फोन करून म्हणेल, बघ.

तर. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आम्ही चौघं मिळून एक जुनी गाडी वापरायचो. मी, प्रथमेश, हैदराबादचा सलाहुद्दीन आणि कोट्टायमचा जोजी. गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. म्हणून प्रथमेशने आरशाला छोटा गणपती लटकवला. मग सलाहुद्दीनने त्याची तसबीह, म्हणजे जपमाळ. मग जोजीने रोझरी, म्हणजे त्याची क्रूसवाली माळ. मी काही लटकवलं नाही, मी ऑइल बदलायचो. एकदा आरसा पुसताना मी रोझरी जरा सरकवली आणि त्याच दिवशी बॅटरी गेली. तेव्हापासून घरात नियम झाला, ज्याचा देव त्यानेच हलवायचा.

आता प्रथमेशची बायको गिरिजा. तिची ड्यू डेट जानेवारीत. सलाहुद्दीन आणि जोजी सकाळीच ट्रेनने शिकागोला जातात, म्हणजे दिवसा ड्राइव्ह करणारा मी एकटाच. आणि माझा प्रोजेक्ट हलला दूर दुसऱ्या राज्यात, कॅरीला. रविवारी निघायचं होतं. मग दिवसा कळा आल्या तर गिरिजाला हॉस्पिटलमध्ये नेणार कोण? प्रथमेश. जो ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झालेला. पहिल्यांदा स्टॉप साइनला थांबला नाही. दुसऱ्यांदा थांबला तो निघेचना.

शुक्रवारी तिसरी टेस्ट. मी सोबत गेलो.

टेस्ट घेणाऱ्या बाई दार उघडून आत वाकल्या. आरशाकडे बघितलं. म्हणाल्या, "हे सगळं काढा. समोरचं दिसायला पाहिजे."

प्रथमेशने गणपती काढला आणि थांबला. "बाकीचे माझे नाहीत."

"गाडी तुमची आहे ना?"

"गाडी आमची आहे. ते त्यांचे आहेत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नियम समजावून सांगितला, बॅटरीसकट. बाई म्हणाल्या, ठीक आहे, परमिशन घ्या, पण लवकर.

मी सलाहुद्दीनला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला. "निकालो. लेकिन नीचे मत रखना मियाँ. जेब में भी नहीं. हाथ में पकडो, ग्लव्ज उतार के."

"बाहेर बर्फ आहे यार. इतकं काय आहे त्यात?"

तो म्हणाला, या देशात मी कुठे आहे हे दिवसातून पाच वेळा विचारणारा एकच आहे. तू विचारतोस का? मी ग्लव्ज काढले.

मग जोजीला लावला. तो म्हणाला, "काढ. पण ग्लव्ह बॉक्समध्ये नको ठेवू. अंधार असतो."

"जोजी, वडील गेल्यापासून तू देवाशी बोलत नाहीस ना?"

"नाहीच बोलत. तो नसता तर मी अबोला कोणाशी धरला असता?"

प्रथमेशने गणपती माझ्या हातात दिला. "याचं तोंड गाडीकडे ठेव. गाडी जाईल तिकडे फिरव."

"तू पण सांगून टाक. आज सगळेच कारणं सांगतायत."

"गिरिजा मला हो म्हणाली," तो सीटबेल्ट लावत म्हणाला. "याचं दुसरं काही कारण तुला सुचत असेल तर सांग."

बाई शेजारी बसल्या. गाडी गेली.

मी पार्किंग लॉटमध्ये उभा. एका हातात तसबीह आणि रोझरी, दुसऱ्या हातात गणपती. उजेड मिळावा आणि गाडी दिसावी म्हणून हात वर. गाडी डावीकडे वळली, मी डावीकडे वळलो. लोक बघायला लागले. गार्ड येऊन विचारून गेला, काय चाललंय. मी म्हटलं, मित्राला मदत करतोय. तो म्हणाला, ओके.

तेवढ्यात एक पोलिश आजी आल्या. त्यांचा नातूही टेस्टला आला होता. मी काय करतोय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. गळ्यातलं मेरीचं पदक काढून माझ्या करंगळीत अडकवलं आणि आत गरम जागी जाऊन बसल्या.

बोटं बधिर झाली. खरं सांगतो, खिशात हात घालावेसे फार वाटले. कोण बघणार होतं? गाडी तर कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली होती. मी घातले नाहीत. का, ते मला माहीत नाही, आणि आईनेही विचारू नये.

गाडी परत आली. प्रथमेशचा चेहरा पांढराफटक. बाई उतरल्या, कागदावर सही केली. पास.

मी विचारलं, "मॅडम, तुमचा विश्वास आहे का?"

"मी रोज शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून फिरते," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी पोचते. तुम्हीच सांगा." आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. त्यात आजींचा नातू बसला होता, अजून निघालेलाच नव्हता. म्हणजे मला आणखी थांबावं लागलं.

तो पास झाला. आजींनी पदक घेतलं आणि माझा गालगुच्चा.

घरी येताना प्रथमेशने ड्राइव्ह केलं. आरसा मोकळा. तिघे माझ्या मांडीवरच्या हातात. सिग्नलला थांबून तो म्हणाला, "तू होतास म्हणून झालं. जानेवारीत काय करू?"

"फोन कर. गिरिजाला गाडीत बसवलंस की लगेच. मी कॅरीला हात वर करून उभा राहीन."

"रिकामे हात?"

"रिकामे. दिशा बघून ठेवतो."

"ऑफिसात असलास तर?"

"तरी."

"मीटिंगमध्ये?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा हॉर्न मारत होता.

"मीटिंगमध्येसुद्धा," मी म्हटलं. "तू पोचलास असं सांगेपर्यंत खाली घेणार नाही. आता निघ."