हळदीच्या पाकिटावरची मोकळी जागा

मित्रांनो, देवळी गावातल्या एका पेंटरच्या दुकानाच्या खणात पडून राहिलेली फूटभर लांबीची जुनी लाकडी पट्टी ती मीच. एका सुतारानं सागाच्या उरल्या तुकड्यातून मला घडवलं. माझं टोक झिजलंय, म्हणून मोजताना एकच्या आकड्यापासून धरावं लागतं.

गजेंद्र पेंटर माझ्या आधारानं दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरांभोवती माझ्या रुंदीइतकी जागा कोरी सोडायचे. "अक्षराले श्वास घेऊ द्या," म्हणायचे. पुढे त्यांची लेक रक्षा संगणकावर डिझाइन करू लागली आणि मी खणात गेले. तिथं मला पांढऱ्याशुभ्र पाट्यांची स्वप्नं पडायची. रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी यशोदाबाई आल्या. खण अर्धवट उघडा होता, मी सारं ऐकलं. त्यांच्या बचत गटाची हळद प्रदर्शनात मांडायची होती. गेल्या वर्षी टेबलाशी कुणी थांबलंच नव्हतं. यंदाही तसंच झालं, तर गट मोडणार होता.

"अकराही जणींचे फोटो समोरच पाह्यजेत," त्या म्हणाल्या. "अन् सारे रंग टाक."

रक्षानं मुकाट्यानं तसंच पाकीट करून समोरच्या फळीवर ठेवलं. मग यशोदाबाईंना दहा पावलं मागे नेऊन विचारलं, "काकू, काय दिसून राह्यलं?"

त्यांनी डोळे बारीक केले. "गर्दी दिसते. हळद कुठं हाय वं?"

"मंग फोटो काऊन पाह्यजेत तुमाले?" हे तिनं आधीच विचारायला हवं होतं.

यशोदाबाईंनी पाकीट हातात घेतलं. "आमच्या बायाईचं नाव आजवर कुठंच लागलं नाई. घरावर नाई, सातबाऱ्यावर नाई."

रक्षानं खण ओढला आणि मला बाहेर काढलं. कोऱ्या कागदावर माझ्या कडेनं अकरा ओळी आखल्या. दुसऱ्या दिवशी अकरा जणी आपापलं नाव लिहून गेल्या. नुकत्याच लिहायला शिकलेल्या लीलाबाईंनी हळद लागलेल्या बोटांनी मला ओळीखाली घट्ट धरलं होतं. ती नावं पाकिटाच्या मागे छापली. पुढे पिवळ्यावर गडद अक्षरांत फक्त 'हळद', आणि भोवती माझ्या रुंदीइतकी मोकळी जागा.

प्रदर्शनाहून यशोदाबाई थेट दुकानात आल्या. "लोक थांबले, रक्षा. पाकीट उलटं करून आमची नावं वाचत राह्यले," त्या सांगत होत्या. मी टेबलावरच होते.

मित्रांनो, डिझाइन करणाऱ्याला आपल्या मनातलं कारण सांगा, आणि कोरी जागा वाया गेली असं समजू नका. लीलाबाईंच्या बोटांची हळद अजून माझ्या सहाच्या आकड्यावर आहे. मला खुशाल पुसा, पण तेवढी जागा सोडून.