पांढरा सोडून

"पांढरा सोडून काहीही दाखवा," तो म्हणाला.

रंगाच्या दुकानदाराने शेडकार्ड मिटलं. "काका, फायबरला पांढराच बरा. दुसरा रंग ऊन ओढतो. आत झोपणार तुम्ही, भट्टी होईल नुसती."

बायकोनेही दुकानदाराचीच री ओढली. निवृत्त झाल्यापासून त्याने जुन्या टेम्पोच्या पाठीवर फायबरची खोली चढवली होती. साचा, जाळी, रेझिन, सगळं स्वतःच्या हातांनी. दोन बाक, एक शेगडी, एक खिडकी. दोघांनी कुठेतरी लांब जायचं, एवढाच बेत. गाडी उभी राहीपर्यंत त्याचे गुडघे मात्र बसले होते.

"हट्ट कशाला धरताय?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"आयुष्यभर पांढरीच हाकली ना."

उभी हयात त्याने अँब्युलन्स चालवली होती. गल्लीत वळला की बायका दाराशी येऊन बघायच्या, कुणाच्या घरी आली म्हणून. त्याला बघून आनंद झालेला माणूस त्याला आठवत नव्हता.

रंग ठरेना, म्हणून त्याने नुसतं रंगाखालचं अस्तर मारून घेतलं. अस्तर पांढरंच होतं. ते वाळलं, त्या दुपारी शेजारचा शिंपी धावत आला.

"काका, आईला श्वास घेता येईना. फोन केला, तर अँब्युलन्स दुसरीकडे गेलीय म्हणतात."

"ही गाडी तसली नाही रे," तो म्हणाला, पण हात किल्ली शोधायला लागले होते.

म्हातारीला बाकावर निजवलं. बायको तिचा हात धरून बसली. त्याने हॉर्नवर हात ठेवला, तो काढलाच नाही. पुढच्या गाड्या आरशात पांढरं धूड बघून बाजूला होत गेल्या. वेळेत दवाखाना गाठला, म्हातारी वाचली. शिंपी बाकाची गादी झटकत राहिला.

परतताना बायको म्हणाली, "पांढरी होती म्हणून लोकांनी वाट दिली हो."

"म्हणूनच नको," तो म्हणाला. "दमलो गं. मला एकदा चारचौघांसारखं रस्त्यात अडकून बसायचंय."

"फिकट पिवळा घ्या मग," ती म्हणाली. "तापली तर खिडकी उघडी ठेवू."

पिवळी गाडी घेऊन ते निघाले, ते पहिल्याच रेल्वे फाटकाला अडकले. पुढे ट्रक, मागे बस. कुणी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि मान मागे टेकली. आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडलं. मागचा बसवाला हॉर्न वाजवायला लागला. बायकोने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली आणि झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावरचं ऊन पदराने अडवून बसून राहिली.