रिपोर्टाची खराब प्रत

वाचनालयात तीस वर्षं मी देवघेवीच्या नोंदवहीवर पुठ्ठा ठेवून बसलो. कोणी काय वाचायला नेलं, हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून. पुढची गोष्ट मला इतकी का लागली, त्याचं कारण कदाचित हेच असेल. नक्की सांगता येत नाही.

२००८ साली आमचा शिपाई कवडू यानं मोटरसायकलचे हप्ते थकवले. जामीन मी. बँकेचा वसुलीवाला सिंदीला माझ्या घरी आला, तो माझाच क्रेडिट रिपोर्ट घेऊन. ओट्यावर उभं राहून त्यानं तो मोठ्यानं वाचला. ‘वैयक्तिक कर्ज, वीस हजार, २००५.’

हे कर्ज माझ्या बायकोला, सुलोचनाला, माहीत नव्हतं. त्यातून मी माझा कवितासंग्रह छापला आणि लाज वाटून गठ्ठे पलंगाखाली सारले. वाचनालयाची रद्दी आहे, असं तिला सांगितलं होतं. ती तेव्हा माहेरी आंजीला होती, एवढंच बरं.

“कर्ज कवडूचं आहे ना?” मी म्हणालो.

“तुमी जामीन ना, काका. पाहा लागते. परवा येतो पुन्हा.”

पाहा, पण गावाला वाचून दाखवा लागते का, हे मला तो फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं.

सुलोचना उद्या येणार होती. रिपोर्ट कामापुरता पाहायचा असतो, हे मी नियमांत वाचून काढलं. आठ कच्चे खर्डे करून बँकेला तक्रार लिहिली आणि दुसऱ्या दिवशी चार प्रती काढायला गुलाबच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मशीनवर ठेवण्याआधी त्यानं ती पूर्ण वाचली.

“त्या रिपोर्टाच्या झेरॉक्स इथंच काढल्या त्यानं, काका. एक काळी निघाली, टाकून गेला.”

“कुठं आहे ती?”

“काकूले देली. आत्ताच बसमधून उतरल्या ना. लोकाइच्या हाती काऊन पडू द्याची? म्हटलं, घरचंच माणूस हाय.”

प्रतींचे पैसेही त्यानं घेतले नाहीत.

घरी सुलोचना चष्मा लावून बसली होती. कागद मांडीवर.

“वीस हजार कशाचे?”

मी पलंगाखालून गठ्ठा ओढला. तिनं सुतळी तोडली, एक पुस्तक उघडलं. अर्पणपत्रिकेत तिचं नाव होतं.

“तीन वर्षं मी याच्यावर झोपून राह्यली?”

“हो.”

बँकेला लिहिलेल्या तक्रारीचंही मी सांगितलं.

“अर्ज दाखवा.” तिनं तो सावकाश वाचला. “यात लिहा, हा कागद बायकोच्याही हाती जायले नको होता. तुमीच सांगाले पाह्यजे होतं मले. नाई सांगतलं, ते मी वेगळं पाहीन.”

मी ओळ वाढवली. म्हणजे प्रती पुन्हा काढणं आलं. गुलाबकडे जायचा धीर होईना, म्हणून चारही प्रती हातानंच उतरवू लागलो.

सुलोचना पाठ फिरवून माझं पुस्तक वाचत होती. पान उलटल्याचा आवाज आला की माझी ओळ चुकायची.