विषय क्रमांक चार : कोंबड्या

कोलकात्यात बालीगंज स्टेशनाच्या पूर्वेला रूळ ओलांडून पाच-सात मिनिटं चाललं की डाव्या हाताला आमच्या वसाहतीचं फाटक लागतं. आत वीस घरं. सगळी जुनी, दुमजली, बुटकी, आणि प्रत्येकाच्या मागे चटईएवढं अंगण. त्या अंगणात कोंबड्या पाळाव्यात की पाळू नयेत, यावर गेल्या वर्षी इथे अडीच महिने वाद चालला. मी श्यामकांत आगाशे, सरकारी बँकेतून निवृत्त, आणि या वसाहतीच्या संस्थेचा सचिव. मला सचिव का केलं, तर मी सभेचं इतिवृत्त वेळेवर लिहितो आणि कुणाचीही बाजू घेत नाही. या दुसऱ्या गुणाचं इथे फार कौतुक आहे.

कोंबड्या आमच्याच घरच्या होत्या. म्हणजे माझ्या नव्हे, माझ्या बायकोच्या, वृंदाच्या.

आमच्याकडे कामाला येणारी मिनोती कॅनिंग लोकलने रोज गावाहून येते. एका सकाळी तिने बाजाराच्या पिशवीतून चार गावठी तलंगा, कोवळ्या कोंबड्या, आणल्या. वृंदाने मागवल्या होत्या. मला विचारलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात तिने मला न विचारता घरात आणलेली ही पहिली वस्तू, आणि ती ओरडत होती. मी म्हणालो, "अगं, आपण दोघंही अंडं खात नाही." ती म्हणाली, "मग काय झालं? खाणारे आहेत की आजूबाजूला."

बदलीच्या नोकरीत आम्ही नऊ गावं केली. दर तीन वर्षांनी खोकी बांधायची, नव्या गावात खोकी सोडायची. वृंदाचा हात त्यात इतका बसला होता, की कपबशा कुठल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आहेत हे ती न बघता सांगे. शेवटची नेमणूक कोलकात्याची. पुण्यात घर घ्यायचं राहून गेलं होतं, आमच्या मुलीला, आभाला, इथे नोकरी लागली, म्हणून हे घर घेतलं. घर घेतल्यावर वर्षभरात आभा बंगळुरूला गेली. आम्ही राहिलो. का राहिलो, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. वाईटही वाटत नाही. निवृत्तीनंतर मला एकूणच फारसं काही वाटेनासं झालं आहे. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा असतो, जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

वृंदाने कोंबड्यांना गावांची नावं ठेवली. अकोला, राजकोट, जबलपूर, गुवाहाटी. का, तर म्हणाली, लक्षात राहतात. "आज जबलपूर काही खात नाहीये हो," असं ती मला चहाच्या वेळी सांगायची, आणि मी पेपरातून मान वर न करता "हं" म्हणायचो.

मग अंडी सुरू झाली. आधी शेजारच्या काकोलीकडे दोन गेली. काकोली शाळेत शिकवते, चाळिशीची, मोठ्याने बोलते. तिने चौघींना सांगितलं. मागच्या दाराशी बायका यायला लागल्या. अंडी न्यायला येत आणि तासभर बसत. माझ्या बायकोला बंगाली येतं हे मला तेव्हा कळलं. चुकत होती, हसत होती, त्या तिला सुधारत होत्या. "वृंदादी, वृंदादी" असं दिवसभर कानावर यायचं. नऊ गावांत मिळून तिला मैत्रीण अशी नव्हती. साहेबांची मिसेस म्हणून हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या होत्या, आमचा ट्रक हलला की संपलं. इथे कुणी तिला माझी कोण म्हणून ओळखत नव्हतं. उलट एकदा फाटकावर एका बाईंनी मला ओळखलं, "तुम्ही कोंबड्यावाल्या वृंदादींचे मिस्टर ना?" मला राग आला होता. हे त्यातल्या त्यात वाटलेलं म्हणून सांगतो.

तक्रार सान्यालांनी केली. सात नंबरचे सान्याल माणूस वाईट नाही, पण त्यांना दमा आहे आणि वाचनाची आवड आहे. त्यांनी तीन पानी पत्र दिलं. पिसांची धूळ, बर्ड फ्लू, वास, आणि शेवटी उदमांजर. कोंबड्या आल्या की उदमांजर येणार, आणि ते आलं की छपरावरून जाणार नाही. अध्यक्षीणबाई प्रणतीदी दत्त निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, भांडत बसू नका, सभेत ठराव आणा, बहुमताने काय ते ठरवू. काकोलीने ठराव लिहिला: प्रत्येक घरी जास्तीत जास्त पाच कोंबड्या, कोंबडा नाही, खुराडं भिंतीपासून सहा फुटांवर, सफाई रोज. एका घराला एक मत. ठराव पडला तर पंधरा दिवसांत कोंबड्या हलवायच्या. मी कार्यक्रमपत्रिकेत विषय क्रमांक चार म्हणून तो टाइप केला. तीन नंबरवर पाण्याच्या टाकीची दुरुस्ती होती.

सभेच्या आधीच्या आठवड्यात वृंदा घरोघरी जाऊन आली. कुणाकडे नुसती बसली, कुणाला खुराडं दाखवायला घेऊन आली. सान्यालांकडेसुद्धा गेली आणि दारातूनच परत आली. तिने बोटांवर हिशेब केला होता. विसातलं एक घर कुलूपबंद, मालक परदेशी. उरली एकोणीस. "नऊ नक्की आपल्याकडे आहेत, आणि एक आपलं," ती म्हणाली. रविवारी सकाळी तिने कडक इस्त्रीची तांताची, बंगाली सुती साडी नेसली. निघताना म्हणाली, "तुम्ही बोलाल ना दोन शब्द?"

मी म्हणालो, "बघू."

सभा क्लबाच्या खोलीत होती. एका कोपऱ्यात पूजेच्या मांडवाचं कापड गुंडाळून ठेवलेलं, मध्ये कॅरमचा बोर्ड बाजूला सारून खुर्च्या मांडलेल्या. टाकीची दुरुस्ती चार मिनिटांत मंजूर झाली. कोंबड्यांना दीड तास लागला. एका आजोबांनी त्यांच्या लहानपणी कोंबडी घरात कशी चालत नसे आणि बदक कसं चालत असे, हे वीस मिनिटं सांगितलं. ते ठरावाच्या बाजूने होते की विरोधात, हे कुणालाच कळलं नाही. कुणीतरी विचारलं, एकट्या कोंबड्यावरच बंदी हा अन्याय नाही का? सान्यालांनी कात्रणं फिरवली. काकोली उठून म्हणाली, वृंदादींच्या कोंबड्यांनी माझ्या कुंपणातल्या गोगलगायी वेचून खाल्ल्या, माझी पालकाची पानं या वर्षी प्रथमच अख्खी राहिली, याचं कात्रण कुठे मिळेल? सगळे हसले. वृंदाही हसली. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती आणि तिच्या मांडीवर दोन्ही हात घट्ट धरलेले होते.

मग प्रणतीदी म्हणाल्या, "आता मतदान. घरटी एक हात वर करा."

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. अकोल्याला असताना बँकेत कारकुनांच्या मुलाखती होत्या आणि मी पॅनेलवर होतो. उमेदवारांत वृंदाचा धाकटा भाऊ दिगंबर निघाला. त्याचं नाव पुकारताच मी उठलो, "हे माझ्या नात्यातले आहेत," म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. दिगंबरची निवड झाली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. घरी येऊन वृंदाला सांगितलं, तर तिने ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला लागली. आपलं माणूस समोर आलं की आपण खोलीबाहेर जायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं, की त्याचा मला अभिमानही वाटेनासा झाला होता.

तर प्रणतीदींनी मतदान म्हटलं, आणि मी उठलो. "हा विषय माझ्या घरचा आहे," मी हिंदीत म्हणालो. "सचिव म्हणून आणि सभासद म्हणूनही मी यात भाग घेणं बरं नाही." सान्यालांनी कौतुकाने मान डोलावली. मी वृंदाकडे बघितलं आणि म्हणालो, "चल."

ती उठली. पदर सावरला आणि माझ्या मागोमाग बाहेर आली.

व्हरांड्यात आम्ही दहा मिनिटं उभे होतो. ती नोटीस बोर्डावरचे जुने कागद वाचत होती. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग काकोली दारात आली आणि वृंदाचा हात धरून म्हणाली, "नऊ-नऊ." आमच्या नियमात बरोबरी झाली की ठराव पडतो.

मी आत जाऊन पुढचा विषय लिहून घेतला. दिव्यांच्या बिलाचा होता.

पंधरा दिवस लागलेच नाहीत, चौथ्या दिवशी मिनोती त्यांना घेऊन गेली. तिच्या गावी तिच्या सासूकडे बऱ्याच आहेत, चार जास्त झाल्या तर काय. दोन पिशव्यांना भोकं पाडली. अकोला, राजकोट आणि गुवाहाटी निमूट गेल्या, जबलपूर काही केल्या पिशवीत जाईना. वृंदाने तिला उचलून, पाय धरून, बरोबर आत घातलं. रडली नाही. बालीगंज स्टेशनापर्यंत मिनोतीबरोबर गेली आणि लोकल सुटल्यावर परत आली. येताना भाजी घेऊन आली. मी वाट बघत होतो की ती काही म्हणेल. मला स्वतःला काही वाटलं नाही. संध्याकाळी तिने खुराड्याच्या जाळ्या धुऊन उभ्या करून ठेवल्या आणि अंगण झाडलं. बायका दोन-तीन दिवस चुकचुकत आल्या, मग येणं कमी झालं. येऊन बसायला काही निमित्त लागतं.

महिन्याभराने एका दुपारी काकोली मागच्या दाराशी आली. मी पुढच्या खोलीत होतो, सगळं ऐकू येत होतं. "वृंदादी, एक विचारू? रागावू नका. तुम्ही त्या दिवशी बाहेर का गेलात? दादा गेले ते गेले. तुमचंही नाव आहे ना घरावर? तुमचं मत धरून मी दहा मोजले होते. आम्हाला वाटलं, तुम्हालाच नको झालंय." वृंदा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दाराची कडी वाजली आणि ती पुढच्या खोलीत आली. उभीच राहिली.

"घर माझ्याही नावावर आहे ना हो?"

"आहे. पहिलं नाव माझं, दुसरं तुझं."

"मग तुम्ही बाहेर गेल्यावर मत मला देता आलं असतं?"

"आलं असतं. पहिल्या नावाचा माणूस नसेल तर दुसऱ्याने द्यायचं, असं पोटनियमांत आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

पोटनियमांची नवी प्रत मीच टाइप करून घेतली होती. "ठाऊक होतं," मी म्हणालो. "त्या वेळी डोक्यात आलं नाही."

हे खरं होतं आणि तेच वाईट होतं. मी तिचं मत मुद्दाम बुडवलं असतं, तर निदान ती माझ्या डोक्यात होती असं म्हणता आलं असतं.

वृंदा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. आवाज चढवला नाही. "कोंबड्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही उठलात, मी उठले. चौतीस वर्षांत 'तुम्ही जा, मी बसते' असं मी एकदाही म्हणाले नाही. म्हणता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि नियमात होतं म्हणे."

मला लाज वाटली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ वाटलं आणि ते नेमकं हे निघालं. मला जे येतं ते मी बोललो. "सहा महिन्यांनी तोच ठराव पुन्हा आणता येतो. डिसेंबरच्या सभेत."

"तुम्ही मांडाल?"

साधा प्रश्न होता. माझ्या मनात आलं, घरचाच विषय, सचिवाने स्वतः मांडायचा म्हणजे सान्याल काय म्हणतील, इतिवृत्तात ते कसं दिसेल. हे सगळं यायला दोन-तीन सेकंद लागले असतील. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने ते सगळं चेहऱ्यावर उमटताना बघितलं, आणि मग ती वळली.

मी "हो" म्हणालो. पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती आणि तिने नळ सोडला होता.