वीस सेकंदांची भिवराबाई

भिवराबाईची कॅसेट निघून दीड वर्ष झालं, तरी दिंद्रुडच्या दुकानात ती खालच्या फळीवरच पडून होती. गाणं वाईट नव्हतं. 'सावली माझी नाचते गं, मी उभी राहून बघते' म्हटलं की लग्नात पोरी नाचायला उठायच्या. पण शिवेपलीकडे ते कुणाच्या कानावरच गेलं नव्हतं.

"गाण्यात खोट न्हाई," ती नवऱ्याला ठणकावून सांगायची. नवरा शहादेव तिच्यामागं कीबोर्ड वाजवायचा. "लोकांनी ऐकलंच न्हाई, तर घेतील कावून?"

२००३ साली फेब्रुवारीतच विहिरी तळाला गेल्या. माणसं गुरांसकट चारा छावणीत राहायला आली. दूध आटलं, आणि जे होतं ते खासगी डेअऱ्यांच्या गाड्या पळवू लागल्या. महिला दूध संघाच्या अध्यक्ष छबुबाईंनी 'दूध संघालाच घाला' अशी जाहिरात जिल्ह्याच्या केबलवर द्यायचं ठरवलं आणि त्या भिवराबाईकडं आल्या.

"तुजं गाणं दे. पर पैसे मागू नको बाई, संघाची हालत तुला ठावं हाय."

"पैसे नकोत, काकू. पर गाताना मीच दिसले पायजे. आन खाली माजं नाव, कॅसेटचं नाव. पार शेवटपातुर."

शहादेव तिच्याकडं बघतच राहिला. छबुबाईंना मात्र हसू आलं. "लई पक्की हायस! दिलं."

संघाच्या आवारात, दुधाच्या कॅनांमध्ये उभी राहून, स्वतःचं हिरवं लुगडं नेसून ती वीस सेकंद गायली. विश्वचषक चालू होता. छावणीतल्या टीव्हीपुढं गर्दी असायची आणि षटक संपलं की केबलवाला जाहिरात लावायचा. पंधरा दिवसांत माजलगाव, परळी, बीडहून कॅसेटची मागणी आली. गिऱ्हाईक म्हणायचं, "ते दुधाचं गाणं द्या."

भिवराबाईला ते पहिल्यांदा टोचलं. मग ती म्हणाली, "दुधाचं तर दुधाचं. मागतेत ना?"

मार्चमध्ये पुण्याहून कॅसेट कंपनीचे साहेब आले. "आपण व्हिडिओ करू, मोठ्या चॅनेलवर लावू. आवाज तुमचा, पडद्यावर एखादी तरुण मुलगी."

"त्या पोरीला हितं कोण वळखतं?"

"बाई, अशी संधी परत येत नाही."

"चला सायेब, जरा छावणीत जाऊ."

ती शहादेवबरोबर साहेबांच्या जीपमधून उतरली तशा बाया हातातला चारा टाकून धावल्या. "भिवराबाई आली! गाणं म्हणा!" तिनं सुरू केलं, आणि वीस सेकंद सगळी छावणी तिच्याबरोबर गायली. मग एकदम गप्प. पुढचं कुणालाच येत नव्हतं. लोकांना गाणं ठाऊकच नव्हतं, फक्त जाहिरात ठाऊक होती. तिनं पदर खोचला आणि अंतरा घेतला, सावकाश, शब्द न् शब्द कळेल असा. म्हातारा धुळाजी खाटेवरून उठून पुढं येऊन बसला. गाणं संपल्यावर त्यानंच हुकूम सोडला, "पुन्ना म्हण, पोरी. हे आमाला कुणी ऐकवलंच न्हाई."

ती दुसऱ्यांदा गात असताना साहेब गाण्याकडं कमी आणि बायांच्या तोंडाकडं जास्त बघत होते.

"शूटिंगला पुण्याला कधी येता?" परतताना त्यांनी विचारलं.

"पडद्यावर कोण?"

"तुम्हीच."

"मंग पुण्याला कशाला? हितंच करा, ह्या बायांसंगं. आन गाणं पुरं घ्या, चार मिनिटांचं."

साहेबांनी मान डोलावली, आणि शूटिंगच्या दिवशी छावणीत कीबोर्ड आणायला जीपच्या मागच्या सीटवर जागा आहे का, ते शहादेवनं वाकून बघितलं.